चार पिढ्यांची शेती: वाटणीआधी कागद, पाणी आणि बाग कशी वाचायची? (नाशिक जिल्हा)

कादवाकाठ

निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यात बहुतेक घरांत आता चौथी पिढी शेती हातात घेतेय आणि बऱ्याच ठिकाणी वाटणीचा विषय निघालाय. त्यासाठी हा धागा. माझं म्हणणं एवढंच आहे की जमीन टेपनं मोजून वाटता येते, पण पाणी, रस्ता आणि द्राक्षाचा मांडव टेपनं वाटता येत नाही. नंतर भावाभावांत कोर्टकचेरी होते ती याच तीन गोष्टींवरून. आणि हे तिन्ही आजच्या पिढीनं केलेलं नसतं. कुठल्या पिढीनं काय केलं ते कळल्याशिवाय वाटणीपत्र नीट लिहिताच येत नाही.

पणजोबांच्या काळात बाजरी, गहू, हरभरा आणि विहिरीवर मोट. मोटेची धाव (मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट) आणि थारोळं (मोटेचं पाणी पडायची कुंडी) जिथं होतं तिथूनच जुना पाट निघायचा, म्हणून आजही कित्येक शेतांचा उतार आणि वाफ्यांची दिशा त्या थारोळ्यापासून ठरलेली दिसते. आजोबांच्या पिढीत ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटार, काहींना कालव्याचं पाणी, आणि कांदा हे नगदी पीक झालं. वडिलांनी द्राक्ष लावलं, ठिबक टाकलं, शेततळं केलं. प्रत्येकानं आधीच्याच्या कामावर पुढचं काम बांधलं: धावेच्या जागी मोटारीची खोली, पाटाच्या जागी पाइपलाइन. मोटारीची खोली एका भावाच्या वाट्यात आणि पाइपलाइन दुसऱ्याच्या, ही गत त्यामुळेच होते.

जाणकारांनी आपापल्या विषयावर नेमकं लिहावं. मोघम सल्ले नकोत.

जुनीनोंद

कागदापासून सुरुवात करतो. चालू सातबारा घेऊन मागे जायचं, पुढे नाही. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक. ज्या नावाला कंस आहे ते नाव कमी झालेलं. त्या आकड्याचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ ची नक्कल काढा. त्यात आधीचा क्रमांक सापडतो, मग त्याची नक्कल. असं करत मागे गेलं की वारस, खरेदी, वाटणी, कर्जाचा बोजा सगळी साखळी उलगडते. बऱ्याच तालुक्यांचे जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार स्कॅन होऊन ई-अभिलेख या सरकारी संकेतस्थळावर आलेत. तिथं नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा.

अडतं ते एकत्रीकरणापाशी. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावात योजना झाली तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. फेरफारात सर्व्हे नंबर, सातबाऱ्यावर गट नंबर, आणि दोघांचा मेळ लागत नाही. हा मेळ तलाठ्याकडे नसतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा आणि गट नकाशा मागायचा. क्षेत्रात फरक आला तर घाबरू नका, जुन्या नोंदी एकर-गुंठ्यात आणि नव्या हेक्टर-आरमध्ये आहेत. ४० गुंठे म्हणजे एकर, आणि एकर म्हणजे ४० आर ४७ चौरस मीटर. गुंठा आणि आर जवळपास सारखे असले तरी एकच नाहीत. पाच एकराला सव्वादोन आरांहून जास्त फरक पडतो.

जुन्या नोंदीत हिस्सा आणे-पैत लिहिलेला सापडेल. पूर्ण खातं १६ आणे, आणा म्हणजे १२ पै. तिघा भावांत सारखी वाटणी असेल तर प्रत्येकापुढे ५ आणे ४ पै दिसतं. एखाद्यापुढे ८ आणे आणि दोघांपुढे ४-४ आणे असेल तर बहुतेक वेळा एका पिढीत दोन भाऊ होते, त्यातला एक गेला आणि त्याची दोन मुलं आली. नुसत्या आण्यांवरूनही वंशावळीचा अंदाज बांधता येतो.

आणखी एक गोष्ट तपासा. फेरफारात ३२ग किंवा ३२म दिसलं तर ती जमीन कूळकायद्यानं आलेली आहे. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन; त्या दिवशी जमीन कसणारं कूळ मालक मानलं गेलं आणि किंमत भरल्यावर ३२म चं प्रमाणपत्र मिळालं. हे प्रमाणपत्र घरातल्या पेटीत असतं आणि हवं तेव्हा सापडत नाही. वाटणीआधी शोधून ठेवा.

मळ्यातली

काही उताऱ्यांवर थोरल्याच्या नावापुढे "ए.कु.मॅ." लिहिलेलं असतं आणि बाकी भावांची नावंच नसतात. त्यांचा हक्क गेला असं समजायचं का? आणि मुलींची नावं "इतर हक्क" रकान्यात असतील तर?

जुनीनोंद

@मळ्यातली ताई, हक्क गेलेला नाही. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आजोबा वारले की सोयीसाठी थोरल्याचं एकट्याचं नाव लावायचे, सोसायटीचं कर्ज आणि शेतसारा एकाच नावावर राहायचा. धोका पुढच्या पिढीत येतो. थोरला वारला की वारस म्हणून फक्त त्याच्याच मुलांची नावं चढतात आणि "ए.कु.मॅ." ही अक्षरं नव्या उताऱ्यातून गळून पडतात. म्हणून थोरला हयात असतानाच सगळ्यांनी मिळून अर्ज करावा, सोबत मूळ वारस फेरफाराची नक्कल जोडावी आणि सहहिस्सेदार म्हणून नावं लावून घ्यावीत. नक्कल करताना नुसतं अक्षर गळालं असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद म्हणून दुरुस्ती होते. हक्काचाच वाद असेल तर १५५ चालत नाही.

मुलींबद्दल गैरसमज फार आहेत. इतर हक्कात नाव टाकलं म्हणजे हिस्सा कमी होत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं (९ सप्टेंबर २००५ पासून लागू) वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानं सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हक्कदार आहे, आणि वडील तेव्हा हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी यातून सुटते. "तोंडी वाटणी झाली होती" एवढं म्हणून भागत नाही. आणि पणजोबांचा मृत्यू १७ जून १९५६ च्या आधीचा असेल तर त्या पायरीला जुना कायदा लागतो, म्हणून वंशावळीत प्रत्येकाची मृत्यूची तारीख हवीच.

बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला हवं. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेला कागद फेरफाराला चालत नाही. आणि ती सोडतेय ते समजून सोडतेय ना, हे वडीलधाऱ्यांनी बघावं. राखीपौर्णिमेला माहेरी आलेल्या बहिणीकडून घाईत सही घेणं ही चांगली रीत नाही.

आईला विसरू नका. मुलांमध्ये वाटणी होते तेव्हा आईलाही हिस्सा असतो. चोळीबांगडीसाठी म्हणून जमीन लिहून द्यायची असेल तर तिथं गट, क्षेत्र आणि चतुःसीमा घाला. "आई ज्याच्याकडे राहील त्यानं कसावी" असं लिहिलं की तंटा ठरलेला.

विहीरपाळी

पाण्यावर लिहितो, कारण वाटणीपत्रात विहिरीसाठी एकच ओळ असते: "विहीर सामाईक, पाणी समान." ही ओळ पहिल्याच उन्हाळ्यात मोडते.

आधी विहिरीची आवक मोजा. एप्रिलात विहीर उपसून कोरडी करा, किती तासांत किती फूट पाणी चढतं ते दोराला गाठी मारून बघा. २४ तासांची आवक कळली की वाटण्यासारखं काय आहे ते कळतं. मग पाळी ठरवा, ती तासांवर नव्हे, पूर्ण दिवसावर. कारण साधं आहे: रात्रभर साठलेलं पाणी सकाळी पहिल्यांदा मोटार चालवणाऱ्याला मिळतं. "तू सहा ते दहा, मी दहा ते दोन" अशी पाळी कागदावर सारखी दिसते, पण दुसऱ्याच्या वाट्याला फक्त तेवढ्या चार तासांचा झरा येतो.

आता वीज. शेतीच्या फीडरला (वीजवाहिनीला) बऱ्याच ठिकाणी थ्री फेज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. समजा एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असं चक्र आहे आणि दोघा भावांनीही आठवड्याआड पाळी धरली. दोन्ही चक्रं १४ दिवसांची, त्यामुळे एकाला कायम दिवसा पाणी आणि दुसऱ्याला कायम रात्री, बिबट्याच्या भीतीत. त्यापेक्षा तीन-तीन दिवसांची पाळी धरा. ४२ दिवसांत एकाला ११ आणि दुसऱ्याला १० दिवसपाळ्या येतात. फीडरचं चक्र वेगळं असेल तर पाळीचे दिवस बदला, पण दोन्ही चक्रं सारख्या लांबीची होऊ देऊ नका.

स्टार्टरच्या पेटीत आवर मीटर बसवा. मोटार चालू असतानाच त्याचा काटा पुढे जातो, त्यामुळे वीज गेली, मोटार जळली, केबल तुटली, सगळ्याचा हिशेब आपोआप राहतो. पाळी बदलताना आकडा वहीत लिहायचा, दोघांची सही. वीजबिल आणि दुरुस्ती याच आकड्याच्या प्रमाणात.

आणि ही कलमं वाटणीपत्रात हवीतच: गाळ काढायचा खर्च कसा, विहीर खोल करायची किंवा आडवं बोअर मारायचं तर एकाची हरकत असताना दुसऱ्यानं करायचं का, नवं पाणी कोणाचं, मोटारीच्या खोलीपर्यंत जायची वाट कुठून, पाइपलाइन कोणाच्या बांधाखालून किती खोल जाते आणि ती फुटली तर उकरायला आडकाठी नाही. विहिरीपासून किती अंतरात कोणी बोअर घ्यायचं नाही हे फुटात लिहा. एका भावानं विहिरीशेजारी खोल बोअर मारलं की सामाईक विहिरीचे झरे आटतात. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी भेगांतून येतं. भेग कुठल्या बाजूला गेलीय ते वरून दिसत नाही.

मोसमखोरे

पूर्ण दिवसाची पाळी बागाईतदाराला ठीक, पण भाजीपाल्यावाल्याला तीन दिवसांचा खंड चालत नाही. मे महिन्यात हलक्या रानातलं टोमॅटो तीन दिवसांत सुकतं. तिथं प्रत्येकानं आपल्या वाट्यात साठवण टाकी किंवा प्लास्टिक अस्तराचं लहान शेततळं करावं, पाळीच्या दिवशी भरावं आणि रोज थोडं द्यावं. तो खर्च वाटणीच्या हिशेबातच धरा.

बागलाण-कळवणकडची फड पद्धत बघण्यासारखी आहे. नदीवर बंधारा, त्यावरून पाट, आणि पाटाखालच्या रानाचे फड. एका फडात त्या हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकरी (पाटाचं पाणी वाटणारा) देणार, मालकानं स्वतः दारं फोडायची नाहीत. प्रत्येक घराची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असते. त्यामुळे वाटणी करताना तिथले लोक "वरचा फड तुला, खालचा मला" असं करत नाहीत. प्रत्येक फडातला तुकडा वाटून घेतात. तुकडे लहान होतात हे खरं, पण टंचाईत एका फडाचं पाणी बंद झालं तर एकच भाऊ बुडत नाही. पिढ्यान् पिढ्या टिकलेली रीत आहे, तिच्यामागचा विचार विहिरीच्या वाटणीतही वापरता येतो.

विहीरपाळी

@मोसमखोरे, टाकीचा मुद्दा मान्य, भाजीपाल्याला तेच करावं लागेल. तुकड्यांबद्दल मात्र सावध. २०२३ च्या अधिसूचनेनंतर प्रमाणभूत क्षेत्र (तुकडेबंदीत चालणारं किमान क्षेत्र) बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. त्याखाली तुकडा गेला की नोंद अडते.

घडछाटणी

द्राक्षबागेची वाटणी क्षेत्रावर करू नये, वयावर करावी. चार वर्षांची एक एकर बाग आणि चौदा वर्षांची एक एकर बाग सारख्या नाहीत. साधारण १२ ते १५ वर्षांनी उत्पादन उतरायला लागतं आणि बाग काढावी लागते. नवी लावली की खुंट (ज्याच्या मुळांवर कलम भरतात ते रोप) लावणं, मग कलम भरणं, वळण देणं यात पूर्ण पीक यायला तिसरं वर्ष उजाडतं. म्हणजे जुनी बाग ज्याच्याकडे जाईल त्याला काढणी, लागवड आणि बिनउत्पन्नाची दोन वर्षं असा भार येतो. तो रुपयांत काढून वाटे तुल्य करा.

खुंट बघा. वडिलांनी बाग ज्या काळी लावली त्यावर तो अवलंबून आहे. जुन्या बागा स्वमुळावर होत्या, नंतर डॉगरिज हा खुंट आला, पुढे ११० आर. खोडाला जमिनीच्या वर कलमाची गाठ दिसते. ती नसेल तर स्वमुळावरची बाग, किंवा भर लावताना गाठ मातीत गाडली गेलीय. गाठ गाडली गेली तर वरच्या कांडीला स्वतःची मुळं फुटतात आणि खारवट पाण्यात टिकण्याचा खुंटाचा फायदा जातो. पाण्याचा खारटपणा जास्त असलेल्या विहिरीवर हा फरक उत्पन्नात दिसतो.

मांडव मधून कापू नका. मांडवाच्या तारा कडेच्या अँगलवर तणलेल्या असतात आणि त्या अँगलला बाहेरून ताण देऊन जमिनीत दगड पुरलेले असतात. मधोमध बांध घातला तर तारा कापाव्या लागतात, दोन्ही बाजूंना नवे कडेचे अँगल आणि ताण उभे करावे लागतात, आणि तोवर घडांच्या वजनानं अख्खा मांडव झोपतो. वाय पद्धतीत (इंग्रजी वाय आकाराच्या आधारांवर) प्रत्येक ओळ स्वतंत्र असते, म्हणून ओळींच्या दिशेनं, दोन ओळींच्या मधून वाटणी करता येते. ओळींना आडवी वाटणी केली तर प्रत्येक ओळ दोन तुकड्यांत आणि ट्रॅक्टर वळवायला दोन्हीकडे दहा-बारा फूट सोडावे लागतात. तेवढ्यात प्रत्येक ओळीतल्या काही वेली जातात.

ठिबकचं गणित असं: ९ बाय ५ फुटांवर एकरी ९६८ वेली. वेलीला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर धरले तर एकराला तासाला साधारण ७,७५० लिटर. मोटार किती देते ते मोजून एका वेळी किती व्हॉल्व्ह उघडतील ते ठरतं. वाटणीनंतर एका सबमेनवर (ओळींना पाणी देणाऱ्या उपनळीवर) दोघांच्या ओळी राहिल्या तर एकानं खत सोडलं की दुसऱ्याच्या बागेतही जातं. व्हॉल्व्ह, सबमेन आणि खताची टाकी प्रत्येकाची वेगळी करा. फिल्टर सामाईक चालेल.

फवारणीचं कलमही लिहा. एकाची गोडी छाटणी (फळासाठीची) सप्टेंबरात आणि शेजारच्या भावाची नोव्हेंबरात झाली, तर एकाचे घड काढणीला आणि दुसऱ्याच्या डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) फवारण्या चालू. औषध वाऱ्यानं येतं, आणि निर्यातीच्या मालात उर्वरित अंश सापडला की प्लॉट नापास. बांधाच्या दोन ओळी तरी राखून काम करा. ग्रेपनेटवरची (निर्यातीच्या द्राक्षांची) प्लॉट नोंदणीही नवीन सातबाऱ्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या नावावर करून घ्या.

वेळ? माल निघाल्यावर, खरड छाटणीच्या (एप्रिलातल्या छाटणीच्या) आधी. एप्रिलात छाटणी झाली की त्या काडीवर पुढच्या हंगामाची घडनिर्मिती ठरते, आणि तो खर्च कोणाचा हा प्रश्न मग सुटत नाही.

उळंवाला

कांद्याचं थोडक्यात. कांदा साठवायची चाळ सामाईक ठेवू नका. एकाचा कांदा पावसात भिजून आला, की शेजारच्या कप्प्यात सड पोचते. ठेवायचीच असेल तर कप्पे जाळीनं वेगळे आणि वायुवीजनाची फट मध्ये. पाखीची (कांदा भरायच्या ओळीची) रुंदी चार फूट, थर पाच फुटांच्या वर नाही, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच. पाणी काढणीच्या १५ ते २० दिवस आधी तोडायचं, पातीसकट शेतात सुकवायचा, मान एक-दीड इंच ठेवून कापायची. मान आखूड कापली की तिथूनच काळी बुरशी शिरते.

घरच्या बियाण्याची वाटणी कोणी करत नाही, आणि ते मोलाचं असतं. आजोबांच्या हातची निवड त्यात असते. गोंडे (बियाची फुलं) धरायचा प्लॉट एकाच भावाकडे ठेवा. शेजारी दुसरी जात फुलली तर मधमाश्यांमुळे परागीकरण मिसळतं, त्यासाठी एक-दीड किलोमीटर अंतर लागतं, ते दोन वाट्यांत पाळणं अवघड. एकराला तीन-चार किलो बी उळं टाकायला (रोपं करायला) लागतं, त्याप्रमाणे भावाभावांत वाटा. वर्षापलीकडे कांद्याच्या बियाची उगवण घसरते, साठवून ठेवायचा मोह नको.

मळ्यातली

रस्त्याचं कोणी लिहिलं नाही.

जुनीनोंद

मागच्या वाट्याला रस्ता हा वाटणीपत्रातच द्यायचा, लांबी-रुंदीसह, नकाशावर आखून. बैलगाडीची जुनी वाट पिकअपला पुरत नाही. क्रेट भरून वळायला १२ फूट तरी हवेत. आणि ते क्षेत्र सगळ्यांच्या हिश्शातून वजा करा, नुसतं पुढच्याच्या नको. रस्त्याची नोंद इतर हक्कात करून घ्या. वाटणीपत्रात रस्ता नसेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते. चालू वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दाद आहे, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गावकीत मिटेल म्हणून वर्ष घालवलं की तो मार्ग बंद.

चूल वेगळी झाली म्हणजे वाटणी झाली असं नाही. सगळे सहमत असतील तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज, नाहीतर नोंदणीकृत वाटणीपत्र. फेरफार नोंदला की सगळ्यांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत प्रांताकडे अपील. मंजुरीनंतर पोटहिश्शाची मोजणी करून घ्या आणि खुणांचे दगड लगेच रोवा.

कादवाकाठ

बोजा राहिला. सोसायटीचं पीककर्ज एकाच नावावर आणि जमीन तिघांत फुटली तर बोजा तिन्ही उताऱ्यांवर उतरतो. एकानं आपला हिस्सा भरला तरी त्याचा उतारा कोरा होत नाही, पूर्ण कर्ज फिटावं लागतं. म्हणून मार्चअखेर कर्ज फेडून बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला घ्या, बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर होऊ द्या, मगच वाटणीचा अर्ज. वीजजोडणीही अनेक ठिकाणी अजून आजोबांच्या नावावर असते. वारस नोंदीचा फेरफार, नवा सातबारा आणि बाकी वारसांचं संमतीपत्र देऊन ती नावावर करून घ्यावी. सामाईक विहिरीची जोडणी कोणाच्या नावावर राहणार आणि बाकीच्यांचा तिच्यावर किती हक्क, हे वाटणीपत्रात ग्राहक क्रमांकासकट लिहा.